हिशेब कोणी मांडायचा? आफ्रिकेच्या एका अर्थतज्ज्ञाची कहाणी

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



गेल्या हंगामाच्या तोंडावर एका गटात ऊस नोंदीची बैठक होती. बेणे, लागणीच्या तारखा, पाणी असे सगळे बोलून झाले. चहा आला. तेवढ्यात मागे बसलेल्या एका वयस्कर सभासदांनी विचारले, "साहेब, एफआरपी दिल्लीत ठरते म्हणता. ठरवणारी ती अर्थशास्त्राची माणसं कधी सरीत उतरल्यात का?"

सगळे हसले. मीही हसलो. कृषी मूल्य आयोग शिफारस करतो आणि दर केंद्र सरकार जाहीर करते, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. पण परतताना मोटारसायकलवर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी कृषी पदविका घेतलेला माणूस. अर्थशास्त्राशी माझा संबंध एकरी खर्च आणि एकरी उत्पन्न एवढ्यापुरता. तरीही ठरवले की, धोरण ठरवणारी ही मंडळी नेमके करतात तरी काय, ते एकदा नीट वाचून पाहायचे.

वाचता वाचता आफ्रिकेतल्या एका माणसाची हकिकत हाती लागली. ती आपल्या सभासदांनी जरूर वाचावी अशी आहे. कारण त्यात भाव आहे, कपात आहे, बँकेचे कर्ज आहे आणि कागदावरचे आकडे विरुद्ध शेतातले पीक असा झगडाही आहे. यातले आपल्याला परके असे काहीच नाही.

पैसा नसलेली संस्था

इथिओपिया देशाची राजधानी अदिस अबाबा. तेथे आफ्रिका हॉल नावाची एक मोठी इमारत आहे. सम्राट हैले सेलासी यांनी ती बांधून दिली आणि १९६१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. आत रंगीत काचेचे भव्य चित्र आहे, अफेवर्क टेकले नावाच्या इथिओपियाच्याच चित्रकाराने केलेले. याच इमारतीत १९६३ च्या मे महिन्यात आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली. संयुक्त राष्ट्रांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या आफ्रिका आर्थिक आयोगाचे हे घर.

या आयोगाचे काम काय? सदस्य देशांची आकडेवारी गोळा करायची, अर्थमंत्र्यांना आणि नियोजन मंत्र्यांना एकत्र बसवायचे, धोरणाचे मसुदे तयार करायचे आणि ते पटवून द्यायचे. झाले एवढेच. कर्ज द्यायला आयोगाजवळ पैसा नव्हता. कर्ज देणाऱ्या संस्था वेगळ्या, म्हणजे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. त्या वॉशिंग्टनला.

आपल्या भाषेत सांगायचे तर आयोग म्हणजे माती परीक्षण करून सल्ला देणारा आणि बँक म्हणजे उचल देणारी. शेतकरी अडचणीत असला की तो कोणाचे ऐकणार? ज्याच्या हातात उचल आहे त्याचेच. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

आदेबायो आदेदेजी

१९७५ मध्ये या आयोगाचे कार्यकारी सचिव म्हणून नायजेरियाचे आदेबायो आदेदेजी आले आणि १९९१ पर्यंत, म्हणजे तब्बल सोळा वर्षे, त्या खुर्चीवर राहिले. त्यांचा जन्म डिसेंबर १९३० मधला, नायजेरियाच्या पश्चिम भागातील इजेबू-ओडे गावचा. शिक्षण इंग्लंडमध्ये लेस्टर आणि लंडनला व अमेरिकेत हार्वर्डला. मायदेशी आधी पश्चिम प्रांत सरकारच्या नोकरीत, नंतर इफे येथील विद्यापीठात प्राध्यापक.

नायजेरियातील यादवी युद्ध १९७० च्या जानेवारीत संपले. पुढच्या वर्षी सरकारने आदेदेजींना आर्थिक विकास आणि पुनर्रचना खात्याचे मंत्री केले. त्या पदावर असताना त्यांनी एक अवघड काम अंगावर घेतले. पश्चिम आफ्रिकेतले देश एकमेकांना चिकटून, पण व्यापार मात्र युरोपशी. मळ्यापासून बंदरापर्यंत रेल्वे, पण शेजारच्या देशात माल न्यायचा म्हटले तर धड रस्ता नाही. काही देशांत इंग्रजी कारभार, काहींत फ्रेंच. आदेदेजी एकेका राजधानीत जाऊन बसले, बोलले, समजूत घातली. शेवटी मे १९७५ मध्ये लागोस येथे १५ देशांनी पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाचा करार केला. लगेच त्याच साली ते अदिस अबाबाला गेले.

कोकोची कपात

आदेदेजी पुढे कशासाठी भांडले ते समजायचे तर आधी कोकोची गोष्ट समजून घेतली पाहिजे. कोको म्हणजे ज्याचे चॉकलेट होते ते बी. घाना आणि नायजेरियाचा पश्चिम भाग ही त्याची माहेरघरे. लावणारे बहुतेक लहान शेतकरी.

घानाला तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत आणि तेथे इंग्रजांचे राज्य होते. परदेशी व्यापारी कंपन्यांनी एकी करून भाव पाडला म्हणून १९३७-३८ च्या हंगामात तेथील शेतकऱ्यांनी कोको विकायचाच बंद केला. कित्येक महिने माल घरात ठेवला. ऊस आंदोलन पाहिलेल्या आपल्या सभासदांना त्यातली धग वेगळी सांगायला नको. या संघर्षाने आणि पुढे महायुद्धाने सरकारी खरेदीची वाट मोकळी केली. १९४७ मध्ये कोको मार्केटिंग बोर्ड स्थापन झाले. कल्पना चांगली होती. भाव चढला की थोडा पैसा राखून ठेवायचा आणि भाव पडला की त्यातून शेतकऱ्याला द्यायचा. आपल्याकडची बिनपरतीची ठेव किंवा परतीची ठेव यांचाच एक भाऊबंद म्हणा.

पण साठलेला पैसा दिसला की त्यावर नजर जातेच. १९५४ साली जगाच्या बाजारात कोको टनाला चारशे पौंडांच्या वर गेला. त्याच वर्षी क्वामे एन्क्रूमा यांच्या सरकारने शेतकऱ्याचा भाव चार वर्षांसाठी बांधून टाकला: ६० पौंड वजनाच्या ओझ्याला ७२ शिलिंग. टनाचा हिशेब केला तर सुमारे १३४ पौंड पडतात. वरचा पैसा देशाच्या विकासाला, असे सांगण्यात आले. कोको पिकवणाऱ्या आसांते भागात यावरून मोठा असंतोष माजला आणि त्याच वर्षी कुमासी गावी सरकारविरोधी नवा पक्षच उभा राहिला.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नायजेरियाच्या पश्चिम प्रांतातही असेच बोर्ड होते आणि तेथेही शेतकऱ्याच्या भावातून कपात होत होती. पण त्या पैशाच्या बळावर ओबाफेमी आवोलोवो यांच्या सरकारने जानेवारी १९५५ पासून प्राथमिक शिक्षण मोफत केले. शेतकऱ्यांची पोरे शाळेत गेली. आपल्या भागातही कारखान्यांच्या आधारावर शाळा-कॉलेज उभी राहिली, ती काय आकाशातून पडली? उसाच्या टनामागे कपात झाली तेव्हा भिंती चढल्या.

म्हणजे कपात वाईट असे नाही. ती कोणी केली, कशासाठी केली आणि हिशेब कोणाला दिला, यावर सगळे अवलंबून आहे. त्याच पश्चिम नायजेरियात पुढे कारभार बिघडला, कराचा बोजा वाढला, कोकोचा भाव मात्र परवडेना. १९६८-६९ मध्ये शेतकरी उठले. त्यांच्या चळवळीचे नाव आगबेकोया. शेतकरी आता जाच सोसणार नाही, असा त्याचा अर्थ. गोळीबार झाला, माणसे मेली, शेवटी सरकारला कर कमी करावा लागला. आदेदेजी तेव्हा त्याच मुलखात, इफेला प्राध्यापक होते.

एकाच आजाराची दोन निदाने

१९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले. तेल विकत घेणारे आफ्रिकी देश कर्जात बुडू लागले. साहेल पट्ट्यात दुष्काळ पडून गेला होता. धान्याची आयात वाढत चालली. अशा वेळी आदेदेजी यांच्या आयोगाने एक मोठा आराखडा तयार केला आणि एप्रिल १९८० मध्ये आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी लागोसच्या बैठकीत तो स्वीकारला. लागोस कृती आराखडा या नावाने तो ओळखला जातो. मुदत २००० सालापर्यंतची.

त्याचा पहिलाच अध्याय अन्न आणि शेती. म्हणणे साधे होते. आपण पिकवतो ते आपण खात नाही, आणि खातो ते पिकवत नाही. कोको, कॉफी, तांबे बाहेर विकायचे, त्यांचा भाव बाहेरचे ठरवणार. गहू, तांदूळ, यंत्रे बाहेरून घ्यायची, त्यांचाही भाव बाहेरचेच ठरवणार. ही रचना बदलल्याशिवाय गाडी रुळावर येणार नाही. स्वतःचे अन्न स्वतः पिकवा, शेजाऱ्याशी व्यापार वाढवा, पुढे सगळ्या खंडाची एक बाजारपेठ करा.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, जागतिक बँकेचा अहवाल आला. अर्थतज्ज्ञ एलियट बर्ग यांच्या नेतृत्वाखाली झाला म्हणून त्याला बर्ग अहवाल म्हणतात. त्याचे निदान वेगळे. दोष मुख्यतः आफ्रिकी सरकारांच्या धोरणांत आहे. चलनाचा दर खोटा चढवून ठेवला आहे, शेतकऱ्याला भाव दिला जात नाही, सरकारी मंडळे मधल्या मधे पैसा खातात. म्हणून चलनाचे अवमूल्यन करा, शेतमालाचा भाव वाढवा, सरकारी खर्च आणि सवलती कमी करा, व्यापार खुला करा. कर्ज पाहिजे असेल तर हे करावे लागेल. यालाच रचनात्मक समायोजन कार्यक्रम असे जड नाव पडले.

बंधूंनो, मी शेतकऱ्यांत वावरणारा माणूस म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, शेतमालाच्या भावाबाबत बर्ग यांचे म्हणणे खोटे नव्हते. घानाचेच पाहा. १९६४-६५ च्या सुमारास तेथे साडेपाच लाख टनांच्या वर कोको होत होता. पुढे बोर्डाचा भाव महागाईत विरघळून गेला. शेतकऱ्यांनी जुनी झाडे काढून नवी लावणे सोडून दिले. कित्येकांनी माल रातोरात सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टमध्ये नेऊन विकला. १९८३ मध्ये दुष्काळ आणि वणवे यांनी उरलेसुरले खाल्ले आणि १९८३-८४ च्या हंगामात उत्पादन एक लाख साठ हजार टनांच्या आसपास येऊन ठेपले. शेतकऱ्याच्या राखणीसाठी घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ले, ते असे.

१९८३ पासून जेरी रॉलिंग्ज यांच्या सरकारने बँकेचा कार्यक्रम घेतला. चलन उतरवले, कोकोचा भाव चढवला. शेतकरी बागेकडे वळला आणि उत्पादन हळूहळू सावरले. २०१०-११ च्या हंगामात तर घानाने दहा लाख टनांचा टप्पा गाठला. भाव मिळाला की शेतकरी काय करू शकतो, याचा हा पुरावा आहे.

मग आदेदेजी कशाला भांडत होते?

भाव मिळाला, पण खत कुठाय?

त्यांचे म्हणणे असे की, भाव पाहिजेच, पण नुसत्या भावाने पीक येत नाही. सरकारी खर्च कापा म्हटल्यावर कात्री कोठे चालली? खतावरच्या सवलतीवर, ग्रामीण दवाखान्यावर, शाळेवर, रस्त्यावर. चलन उतरल्यावर खत, औषध, मोटारीचे सुटे भाग, सगळे महाग. कोकोवाल्याला चार पैसे जास्त मिळाले, पण घरी खायला मका किंवा कसावा लावणारी बाई, गावात मजुरी करणारा, शहरातला कामगार, यांचे काय? शिवाय दहा देशांनी एकदमच कोको आणि कॉफी वाढवली तर जगाच्या बाजारात भाव पडणारच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोकोचा भाव असाच घसरला.

हे एकटे आदेदेजीच म्हणत होते असेही नाही. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने म्हणजे युनिसेफने एक अभ्यास प्रसिद्ध केला. समायोजनाला मानवी चेहरा असावा, असा त्याचा सूर होता. खुद्द घाना सरकारला त्याच वर्षी गरिबांवरचा बोजा हलका करण्यासाठी वेगळा कार्यक्रम काढावा लागला. मार्च १९८८ मध्ये सुदानची राजधानी खार्टूम येथे आयोगाने परिषद घेतली. माणूस हाच विकासाचा केंद्रबिंदू, अशी घोषणा तेथून झाली.

आकड्यांची लढाई

आता या कहाणीतला खरा कळीचा प्रसंग.

मार्च १९८९ मध्ये जागतिक बँकेने एक अहवाल प्रसिद्ध केला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचेही त्यावर नाव होते. त्याचा सारांश असा की, आफ्रिका सावरू लागली आहे आणि ज्या देशांनी आमचा कार्यक्रम नेटाने राबवला ते इतरांपेक्षा पुढे गेले आहेत.

आदेदेजींनी आपल्या माणसांना कामाला लावले. तेच आकडे घ्या आणि पुन्हा मांडा. थोड्याच दिवसांत आयोगाचे उत्तर बाहेर पडले. तुम्ही कुठली वर्षे धरली? १९८४ चा भीषण दुष्काळ सरला, १९८५ मध्ये पाऊस बरा झाला. तेथून मोजायला सुरुवात केली तर पीक वाढलेलेच दिसणार. कोणता देश नेटाने राबवणारा आणि कोणता नाही, ही विभागणी कोणी केली? १९८० पासूनची सगळी वर्षे धरली तर चित्र उलटे दिसते, असे आयोगाने बँकेच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. ज्यांच्याजवळ कर्जाची थैली होती त्यांना एका बिनपैशाच्या संस्थेने हिशेबाच्या मैदानात गाठले. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यावर वाद झाला.

हे वाचले तेव्हा मला माझीच एक चूक आठवली. ती येथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका नव्या बेण्याचा अहवाल केला होता. प्लॉट पाहिले, टनेज काढले, तक्ता झकास झाला. गट बैठकीत वाचून दाखवला. तेव्हा एक सभासद उभे राहिले. "साहेब, तुम्ही धरलेले सगळे प्लॉट कालव्याच्या वरल्या अंगाचे. आमच्या शेवटच्या चारीवर हेच बेणं लावलंय, त्याचं टनेज तुमच्या कागदात कुठाय?"

मी कागद पुन्हा पाहिला. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. जे प्लॉट रस्त्याकडेला, जेथे गाडी जाते, जेथे चहा मिळतो, तेवढेच मी पाहिले होते. आणि माझ्या शब्दावर शेवटच्या चारीवरच्या काही सभासदांनी ते बेणे आधीच लावून टाकले होते. त्यांच्या वजनाच्या पावत्या मी नंतर पाहिल्या. कोणी मला बोलले नाही. पण त्या पावत्यांवरचे आकडे आजही मला तोंडपाठ आहेत. खरे आकडे निवडूनसुद्धा माणूस चुकीचे सांगू शकतो, हे मी तेव्हा शिकलो. अधिकाऱ्याची चूक कागदावर राहते, पण तोटा सभासदाच्या पावतीवर उतरतो.

पर्यायी आराखडा आणि आरुशा

नुसता दोष काढून आदेदेजी थांबले नाहीत. जुलै १९८९ मध्ये आयोगाने स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला. अन्नधान्याला किमान हमीभाव, शेतीला सरकारी गुंतवणुकीत आणि कर्जात मोठा वाटा, बायकांना जमिनीचा हक्क, शाळा-दवाखान्यांचा खर्च न कापता लष्करी खर्च कापणे, अशा गोष्टी त्यात होत्या. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की, या आराखड्यावर जगाने चर्चा करावी. विरोधात मत दिले ते फक्त अमेरिकेने.

त्याच नोव्हेंबरात जागतिक बँकेने आफ्रिकेविषयी दीर्घ मुदतीचा नवा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षण, आरोग्य, अन्नसुरक्षा आणि संस्थांची बांधणी यांवर त्यात बराच भर होता. सूर पूर्वीपेक्षा पुष्कळ मवाळ झाला होता.

माझ्या मते आदेदेजींचे सर्वांत मोलाचे काम त्यानंतरचे. फेब्रुवारी १९९० मध्ये टांझानियातील आरुशा येथे आयोगाने परिषद भरवली. तिला सरकारी प्रतिनिधींबरोबर शेतकऱ्यांच्या, स्त्रियांच्या, कामगारांच्या, तरुणांच्या संघटना बोलावल्या. तेथे झालेल्या जाहीरनाम्याचे सार असे की, ज्यांच्यासाठी विकास करायचा त्यांना ठरवण्यात वाटा नसेल तर विकास होत नाही. हे त्यांनी बँकेला जसे ऐकवले तसेच आफ्रिकेच्या सरकारांनाही ऐकवले. अनेक देशांत तेव्हा एकपक्षीय किंवा लष्करी राजवट होती. त्यांच्याच सरकारांचे प्रतिनिधी आयोगात बसत. मालकाला त्याच्या तोंडावर असे सांगायला धारिष्ट लागते.

यश किती, अपयश किती?

हिशेब मांडायचा तर दोन्ही रकाने भरले पाहिजेत. लागोस आराखडा बराचसा कागदावरच राहिला. ज्या राष्ट्रप्रमुखांनी सह्या केल्या त्यांनीच आपल्या अंदाजपत्रकात शेतीला पैसे घातले नाहीत. कर्जाचे हप्ते आले की सगळे एकेक करून बँकेच्या दारात गेले. आयोगाजवळ ना पैसा, ना सक्ती. ठराव मोठे आणि वसुली शून्य, असा प्रकार.

पण पेरलेले सगळेच वाया गेले नाही. जून १९९१ मध्ये अबुजा येथे आफ्रिकी आर्थिक समुदायाचा करार झाला. २००३ मध्ये मापुतो येथे आफ्रिकी राष्ट्रांनी अंदाजपत्रकाचे १० टक्के शेतीला देण्याचे ठरवले. ते सगळ्यांनी पाळले नाही, पण निदान मोजमापाला काठी मिळाली. आणि २१ मार्च २०१८ रोजी रवांडातील किगाली येथे ४४ देशांनी खंडभराच्या मुक्त व्यापार कराराचा मसुदा स्वीकारून सह्या केल्या. निवृत्तीनंतर आदेदेजी आपल्या इजेबू-ओडे गावी परतले होते आणि तेथे त्यांनी अभ्यास केंद्र चालवले. किगालीच्या सह्यांनंतर पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०१८ मध्ये, ते वारले. वय ८७.

मलावीचेही सांगण्यासारखे आहे. तेथे १९९० च्या दशकात खतावरची सवलत काढली गेली, पुढे २००२ मध्ये मोठा दुष्काळ झाला. २००५ नंतर बिंगू वा मुथारिका यांच्या सरकारने देणगीदारांचा सल्ला बाजूला ठेवून लहान शेतकऱ्यांना स्वस्त खताच्या कुपनावर प्रत्येकी दोन पोती दिली. हे मुथारिका पूर्वी याच आफ्रिका आर्थिक आयोगात अधिकारी होते. मक्याचे पीक २००५ मध्ये सुमारे बारा लाख टन होते, ते सरकारी आकड्यांप्रमाणे २००७ मध्ये तीस लाख टनांच्या पुढे गेले. पाऊसही चांगला झाला, हे लक्षात ठेवले पाहिजे. सरकारी आकडे थोडे फुगलेले असावेत, असे अभ्यासकांनी नंतर म्हटले. योजनेचा खर्च वाढत गेला आणि २०११ मध्ये त्याच सरकारविरुद्ध लोक रस्त्यावर आले. म्हणजे आपल्या बाजूच्या माणसाचाही आकडा तपासूनच घ्यावा लागतो, बरं का.

त्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या गट बैठकीतल्या प्रश्नाकडे येतो. अर्थशास्त्राची माणसे सरीत उतरतात का? काही उतरतात. आपल्याकडे प्रवरानगरच्या कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या शेजारी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ बसलेले होते, हे विसरता कामा नये. आदेदेजी स्वतः कोकोच्या बागेत राबले नसतील. पण बँकेचा कागद त्यांनी उलटून पाहिला आणि विचारले, यात कोणाचे शेत मोजायचे राहिले? धोरण ठरवणाऱ्याकडून आपण एवढे तरी मागितलेच पाहिजे.

आणि एक आपल्यासाठी. आदेदेजींच्या आयोगाला जे कधी मिळाले नाही ते आपल्याजवळ आहे. आसांतेच्या शेतकऱ्याला बोर्डाच्या सभेत हात वर करता येत नव्हता, म्हणून त्याला वेगळा पक्ष काढावा लागला. आगबेकोयाच्या शेतकऱ्याला हिशेब मागायला गोळ्या खाव्या लागल्या. आपल्याला त्यासाठी फक्त वार्षिक सभेला वेळेवर यावे लागते. अहवाल घरी येतो तेव्हा तो पोरांच्या वह्यांना घालायला ठेवू नका. ताळेबंद वाचा. टनामागे कपात किती, ती कोठे गेली, उताऱ्याची तुलना कोणत्या वर्षाशी केली, ते पाहा. समजले नाही तर गट कार्यालयात येऊन विचारा. मला ठाऊक नसेल तर मी हिशेब खात्यात विचारून सांगेन.

माझ्या अहवालाचेही तसेच. यंदापासून आमच्या प्रत्येक पाहणीत शेवटच्या चारीवरचे प्लॉट धरायचे असे आम्ही ठरवले आहे. एखादे राहिलेच तर त्या दिवशीच्या सभासदांसारखे उभे राहा आणि विचारा. राग येणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी